लाल बावट्याच्या युनियनची पावती फाडली म्हणजे सासूबाई पक्षात गेल्या का?

नाशिक जिल्ह्यातल्या एका ताईंनी विचारलंय. त्यांच्या सासूबाई अंगणवाडी सेविका आहेत. मानधनवाढीच्या आंदोलनात तालुक्यातल्या बाकी सेविकांबरोबर त्यांनीही सिटू या डाव्या कामगार संघटनेच्या युनियनची सभासदत्वाची पावती फाडली आणि तेव्हापासून घरात वाद चाललाय. दीर म्हणतात, "आई, तू कम्युनिस्ट झालीस, ती युनियन म्हणजे पक्षाने काढलेलं दुकान." सासूबाई म्हणतात, "मी मानधनासाठी गेले, पक्षाशी मला काय देणंघेणं?" युनियनचे पदाधिकारी सांगतात की युनियन स्वतंत्र आहे. पण मोर्चात झेंडा लाल, भाषणाला पुढारी पक्षाचे, आणि निवडणूक लागली की तेच चेहरे मतं मागायला दारात. मग खरं काय समजायचं? मत त्यांनाच द्यावं लागतं का? देवधर्म सोडावा लागतो का? आणि युनियनचे निर्णय शेवटी पक्षच घेतो का?

ताई, मी आधी माझी बाजू सांगतो. मी किसान सभेचा, म्हणजे शेतकऱ्यांच्या संघटनेचा, आणि पुढे योजना कर्मचाऱ्यांच्या (अंगणवाडी, आशा वगैरे) युनियनचा पूर्णवेळ कार्यकर्ता राहिलोय, आणि मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचा (माकप) सभासदही आहे. हे लपवून उत्तर देणं बरोबर झालं नसतं.

तुम्ही विचारलेल्या सगळ्या गोष्टींच्या तळाशी मला एकच काळजी दिसते: या संघटनेत आमच्या सासूबाईंच्या शब्दाला किंमत आहे, की मोर्चात गर्दी दिसावी म्हणून त्यांना नेलं जातं? झेंड्याच्या रंगावरून याचं उत्तर मिळत नाही. तालुक्यातली युनियन रोजच्या रोज चालते कशी, यावरून मिळतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सोपा भाग आधी संपवतो. युनियनची पावती फाडून कुणी पक्षाचा सभासद होत नाही. माकपमध्ये यायचं तर दोन पक्षसभासदांनी तुमची शिफारस करावी लागते. मग तुम्ही वर्षभर उमेदवार सदस्य राहता. पक्षाचा कार्यक्रम आणि घटना मान्य करावी लागते, एखाद्या शाखेत बसून काम करावं लागतं, उत्पन्नाप्रमाणे लेव्ही, म्हणजे पक्षाची वर्गणी, भरावी लागते आणि दरवर्षी सभासदत्वाचं नूतनीकरण होतं. हे नकळत, गर्दीत, कुणाच्या आग्रहाखातर होण्यासारखं नाही. मनापासून यायची इच्छा असलेल्यालाही वर्षभर थांबावं लागतं. युनियनमध्ये मात्र सेविका किंवा मदतनीस असणं एवढीच अट. जात, धर्म, पक्ष कुणी विचारत नाही. मी ज्या तालुक्यांत काम केलं तिथे आमच्या सभासद बायकांच्या घरांवर निवडणुकीत सगळ्या पक्षांचे झेंडे लागलेले असत आणि त्याच बायका जिल्हा परिषदेवरच्या मोर्चात पुढच्या रांगेत असत.

आता अवघड भाग. "युनियन स्वतंत्र आहे" एवढं म्हणून जो पदाधिकारी थांबतो, तो तुम्हाला अर्धंच सांगतो. नातं आहे आणि ते जुनं आहे. पक्षाच्या सभासदांनी युनियन, किसान सभा अशा जनसंघटनांमध्ये जाऊन काम करावं, त्या वाढवाव्यात, ही पक्षाच्या घटनेतलीच अपेक्षा आहे. एखाद्या युनियनच्या कमिटीत जे पक्षसभासद असतात त्यांचा आपापसात एक गट असतो. त्याला आमच्याकडे फ्रॅक्शन म्हणतात. कमिटीच्या बैठकीआधी हे लोक एकत्र बसून आपली भूमिका ठरवतात. यात चोरून-लपवून काही नाही, पक्षाच्या छापील घटनेत ते लिहिलेलं आहे. पण सगळी मेख इथेच आहे. फ्रॅक्शनमधून उठून आलेला कार्यकर्ता युनियनच्या बैठकीत आपलं म्हणणं पटवायला येतो, की ठरलेलं जाहीर करायला येतो? पटवायला येत असेल तर युनियन जिवंत राहते. जाहीर करायला येत असेल तर दोन-तीन वर्षांत बैठकीला फक्त पक्षाचेच लोक उरतात.

एक प्रसंग सांगतो. २०२१ मध्ये राज्यभरच्या सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत करण्याचं आंदोलन केलं, ते तुमच्या सासूबाईंना आठवत असेल. फोन तापायचे, अडकायचे, मुलांच्या पोषणाची माहिती भरायचं पोषण ट्रॅकर ॲप इंग्रजीत, आणि माहिती भरली नाही तर बोलणी सेविकेला. आमच्या तालुक्याची बैठक पंचायत समितीमागच्या समाजमंदिरात भरली होती. बायका खाली सतरंजीवर, मांडीवर पिशव्या, पिशवीत रजिस्टरं आणि तो फोन. आम्हा पक्षसभासदांचं मत होतं की सोमवारपासून सरळ अंगणवाड्या बंद ठेवाव्यात. मी तसं मांडलं. पाड्यावरची एक सेविका उठली आणि म्हणाली, "बंद करायचा तर ॲपचा करा, खाऊचा नका करू. माझ्या पाड्यावर ती खिचडी बंद झाली तर पोरं उपाशी राहतील आणि उद्या त्यांच्या आयाच आपल्या विरोधात जातील." थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग मागून एकीने विचारलं की फोनच परत दिले तर? चर्चा तासभर चालली. ठरलं ते असं: आहार चालू, लसीकरण चालू, माहिती भरणं बंद, आणि फोन गोळा करून प्रकल्प कार्यालयात जमा. आम्ही मांडलेला प्रस्ताव बाजूला पडला आणि त्यांचा ठराव झाला. आम्ही तो पक्षाच्या तालुका कमिटीतही तसाच मांडला आणि राबवला. त्या आठवड्यात प्रकल्प कार्यालयाच्या टेबलावर पिशव्याच्या पिशव्या रिकाम्या झाल्या. प्रत्येक फोनला चिठ्ठी, चिठ्ठीवर सेविकेचं नाव आणि अंगणवाडीचा क्रमांक, आणि पोच घेतल्याशिवाय एकही बाई तिथून हलली नाही.

जनसंघटना म्हणजे काय, हे मला विचाराल तर ते त्या सतरंजीवर दिसलं. पक्षाकडे दिशा असते, अनुभव असतो, कागद लिहिणारे आणि मुंबईत मंत्रालयापर्यंत पोचणारे लोक असतात. पाड्यावर खिचडी बंद झाली तर काय होईल हे मात्र त्या बाईलाच ठाऊक असतं.

हे नातं मुळात आलं कुठून, तेही थोडं सांगायला हवं, कारण दीर म्हणतात तसं "पक्षाने काढलेलं दुकान" ही समजूत इतिहासाला धरून नाही. आयटक ही देशातली पहिली मध्यवर्ती कामगार संघटना ३१ ऑक्टोबर १९२० ला मुंबईत स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्ष लाला लजपत राय होते. अखिल भारतीय किसान सभा १९३६ मध्ये लखनौला स्थापन झाली, पहिले अध्यक्ष स्वामी सहजानंद सरस्वती, म्हणजे संन्यासी. कम्युनिस्ट या संघटनांमध्ये काम करता करता पुढे आले. मुंबईत गिरणी कामगार युनियन (लाल बावटा) उभी राहिली ती १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपातून. सरचिटणीस कम्युनिस्ट पुढारी श्रीपाद अमृत डांगे होते खरे, पण अध्यक्ष अर्जुन आत्माराम आळवे हे स्वतः गिरणीत काम केलेले कामगार होते. पुढच्याच वर्षी मार्चमध्ये मीरत खटल्यात, म्हणजे इंग्रज सरकारने भरलेल्या कम्युनिस्ट कटाच्या खटल्यात, पुढाऱ्यांना उचललं, १९२९ चा संप फसला आणि युनियन खिळखिळी झाली. पण गिरणगावातल्या चाळींतून लाल बावट्याचं नाव गेलं नाही. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने वाटाघाटीचा हक्क एकाच मान्यताप्राप्त संघटनेला दिला आणि गिरण्यांत तो काँग्रेसच्या जवळच्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे गेला, तरीही कामगार आपल्या मनाच्या संघटनेकडे जातच राहिले. कामगाराला झेंडा चिकटवता येत नाही, तो स्वतः निवडतो, हे गिरणगावाने पुन्हा पुन्हा दाखवलंय.

आमच्या ठाणे-पालघर पट्ट्यातली गोष्ट याहून ठळक आहे. १९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला महाराष्ट्र किसान सभेचं अधिवेशन झालं. तळासरी-डहाणूकडचे काही वारली तिथे आले. त्यांच्या गावांत सावकार-जमीनदारांची वेठ चालायची, आणि लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायको दोघंही जन्मभर राबायची, त्यांना लग्नगडी म्हणत. किसान सभेचे शामराव आणि गोदावरी परुळेकर त्या गावांत गेले, राहिले. वारल्यांनी वेठ नाकारली, लग्नगडी मोकळे झाले. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला जमलेल्या जमावावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि माणसं मेली, तरी माघार झाली नाही. आज तिथल्या म्हाताऱ्या माणसाला तुम्ही किसान सभा वेगळी आणि पक्ष वेगळा असं समजावायला गेलात तर त्याला ते पटणार नाही. त्याच्या घरात वेठ संपली ती त्या झेंड्याखाली. इतकं घट्ट नातं सगळीकडे नसतं. तुमच्या भागात ते कसं आहे, हे तिथे कुणी किती वर्षं काम केलं त्यावर ठरतं. एखाद्या तालुक्यात पक्ष जुना असतो आणि युनियन त्याच्या अंगणात वाढते. दुसऱ्या तालुक्यात युनियनच आधी येते आणि पक्षाची शाखा नावालाही नसते. अंगणवाडी आणि आशांच्या बाबतीत मी बहुतेक ठिकाणी दुसरा प्रकार पाहिलाय.

मताच्या प्रश्नाला सोलापूर उत्तर देतं. तिथे माकपचे माजी आमदार नरसय्या आडम मास्तरांच्या पुढाकाराने सिटूने विडी कामगार बायकांसाठी कुंभारीला दहा हजार घरांची वसाहत उभी केली, गोदूताई (गोदावरी) परुळेकरांच्या नावाने. २००६ मध्ये ती घरं पंतप्रधान मनमोहन सिंगांच्या हस्ते बायकांना मिळाली. पुढे असंघटित कामगारांसाठी रे नगरचा तीस हजार घरांचा प्रकल्प आला, त्यातल्या पंधरा हजार घरांचं लोकार्पण १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधान मोदींनी केलं. लाल बावट्याच्या संघटनेने लढून आणलेली घरं, किल्ल्या दिल्या काँग्रेसच्या आणि भाजपच्या पंतप्रधानांनी. आणि आडम मास्तर २००९ पासून सोलापूर शहर मध्यमधून एकदाही निवडून आलेले नाहीत. मला याचं वाईट वाटतं, ते मी लपवत नाही. पण त्या हरण्यामुळे कुणाचं घर काढून घेतलं गेलं नाही, कुणाची पावती रद्द झाली नाही. मतदान गुप्त असतं, आणि युनियनने मताचा हिशेब मागायला सुरुवात केली तर तो दिवस युनियनच्या शेवटाची सुरुवात. तुमच्या दारात युनियनचे लोक मतं मागायला येतात, तो त्यांचा नागरिक म्हणून हक्क आहे. पण "आम्ही मानधन वाढवून दिलं, आता मत द्या" असं कुणी युनियनच्या बैठकीत म्हणत असेल तर सासूबाईंनी तिथल्या तिथे अडवावं.

देवधर्माचं तर मला खरंच आश्चर्य वाटतं की हा प्रश्न अजून विचारला जातो. मार्गशीर्षातल्या गुरुवारी बैठक ठेवली तर उपवासाच्या बायका लवकर उठून जातात, म्हणून आम्ही वार बदलतो. आषाढीला तालुक्यातून दिंडी जाते तेव्हा मोर्चा ठेवत नाही. एवढाच त्याचा संबंध.

आता जे खटकतं ते. नातं चांगलं आहे एवढंच सांगून गप्प बसलो तर दिरांचा संशय बरोबर ठरेल. पक्षाचा निर्णय जनसंघटनेच्या गळ्यात पडला आणि तिचं नुकसान झालं, असं आमच्या इतिहासात घडलंय. १९४२ मध्ये पक्षाने दुसऱ्या महायुद्धाला लोकयुद्ध मानून पाठिंबा देण्याची भूमिका घेतली आणि चले जाव चळवळीपासून बाजूला राहिला. साताऱ्या-सांगलीकडे जिथे प्रतिसरकार लढत होतं तिथे आमच्या लोकांना त्याचा जाब कित्येक वर्षं द्यावा लागला. १९६४ मध्ये पक्ष फुटला, भारतीय कम्युनिस्ट पक्ष (भाकप) आणि माकप असे दोन झाले, मग आयटकमध्ये एकत्र राहणं अवघड झालं आणि १९७० मध्ये कलकत्त्याला सिटू स्थापन झाली, अध्यक्ष बी. टी. रणदिवे. किसान सभाही फुटली आणि आजही एकाच नावाच्या दोन अखिल भारतीय किसान सभा आहेत. फुटीमागे मोठे वैचारिक प्रश्न होते आणि ते मी मानतो. पण यंत्रावर उभ्या असलेल्या कामगाराला त्या दिवशी कळलं ते एवढंच की आता दोन पावत्या आहेत.

पक्ष सत्तेवर असला की परीक्षा आणखी कठीण होते. बंगालमध्ये १९७७ ते २०११ डाव्या आघाडीचं सरकार होतं. जमीन सुधारणा, बटाईदारांच्या हक्कांची नोंद, ही त्या सरकारची आणि तिथल्या किसान सभेची मोठी कामं. पण सत्ता लांबली तशी पावती फाडणं सोयीचं झालं, आणि सोयीने आलेला सभासद सत्ता गेल्यावर थांबत नाही. सिंगूर आणि नंदिग्रामला जमीन संपादनाचा प्रश्न आला तेव्हा शेतकऱ्याच्या बाजूने उभं राहायची संघटना सरकारच्या बाजूला दिसली. मार्च २००७ मध्ये नंदिग्रामला गोळीबारात माणसं मेली. ती जखम अजून भरलेली नाही.

अगदी तुमच्या सासूबाईंच्या जवळचं उदाहरण हवं असेल तर केरळचं घ्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथल्या आशा सचिवालयासमोर बसल्या. मानधन ७ हजार आहे, ते २१ हजार करा, निवृत्तीला ५ लाख द्या, ही मागणी. आंदोलन चालवणारी संघटना एसयूसीआय या दुसऱ्या डाव्या पक्षाच्या जवळची, आणि तेव्हा राज्यात सरकार आमचं. सिटूने त्या आंदोलनावर टीका केली. ही केंद्राची योजना आहे, आशांना कामगाराचा दर्जा आणि पैसा केंद्राने द्यायला हवा, हा सिटूचा मुद्दा बरोबरच आहे, मीही तो शेकडो सभांत मांडलाय. तरीही त्या उन्हापावसात बसलेल्या बायकांच्या शेजारी आपली युनियन बसायला हवी होती, असं माझं स्पष्ट मत आहे आणि ते मी आमच्या बैठकांत बोललो आहे. सरकार कुणाचंही असो, मानधनावर राबणाऱ्या बाईचा प्रश्न तोच असतो. इथे महाराष्ट्रात सरकार विरोधातलं आहे म्हणून आमची युनियन ताठ दिसते, हे सोपं आहे. मित्रपक्षाचं सरकार आल्यावरही ती तशीच उभी राहते का, ते बघा.

म्हणून मी दुसऱ्या पक्षांच्या, दुसऱ्या झेंड्यांच्या लोकांबरोबर बसायची तयारी ही फार महत्त्वाची खूण मानतो. १९७२ मध्ये मुंबईत महागाईविरोधात लाटणी घेऊन बायका रस्त्यावर आल्या तेव्हा त्या समितीत समाजवादी मृणाल गोरे होत्या, माकपच्या अहिल्या रांगणेकर होत्या, भाकपच्या तारा रेड्डी होत्या. स्वयंपाकघरातलं तेल आणि साखर कुणाच्या पक्षाची नव्हती. आज अंगणवाडीत कृती समिती आहे, तिच्यात वेगवेगळ्या विचारांच्या युनियन आहेत, आणि २०२३ च्या डिसेंबरात सुरू झालेला संप त्यांनी मिळून लढवला. मार्च २०१८ मध्ये सरकारने अंगणवाडीला मेस्मा, म्हणजे अत्यावश्यक सेवांत संपाला बंदी घालणारा कायदा, लावला तेव्हा युनियन रस्त्यावर होत्याच, पण विधानसभेत सत्तेत असलेली शिवसेनाही त्याविरोधात उठली आणि मेस्माला स्थगिती मिळाली. आपली मागणी दुसऱ्याच्या तोंडून आली तरी चालेल, मागणी पुढे गेली पाहिजे. ज्या युनियनला हे जमत नाही ती पक्षाची शाखा होऊन बसते.

त्याच मार्च २०१८ मधला किसान सभेचा मोर्चा तुमच्या जिल्ह्यातूनच निघाला, तुम्ही तो पाहिला असेल. ६ मार्चला नाशिकहून निघून १२ मार्चला मुंबईत, साधारण १८० किलोमीटर. वर्तमानपत्रांत पायांच्या जखमांचे फोटो आले. मला लक्षात राहिली ती त्याआधीची तयारी. गावोगाव बैठका झाल्या त्यात पहिला प्रश्न वनहक्काच्या दाव्यांचा: कुणाचा दावा फेटाळला, कुणाला चार एकराऐवजी दहा गुंठ्यांचा पट्टा आला, कुणाकडे २००५ आधीच्या कब्जाचा पुरावा आहे. ज्याच्या फाईलमध्ये अपील अडकलंय तो चालणार, हे गावच ठरवायचं. घरटी तांदूळ गोळा व्हायचे, भांडी-सरपणाचा टेम्पो गावांनी मिळून करायचा. म्हणून शेवटच्या रात्री, दहावीच्या पोरांना परीक्षेला जाताना अडचण नको म्हणून, शीवजवळच्या सोमय्या मैदानातून आझाद मैदानापर्यंत मध्यरात्री चालायचं ठरलं, तेव्हा थकलेली माणसं कुरकुर न करता उठली. हुकूम देऊन हजारो माणसं सात दिवस चालवता येत नाहीत. त्यातले किती जण पक्षाचे सभासद होते? फार थोडे. पण त्यांना बांधून ठेवणाऱ्या गावपातळीच्या कमिट्या उभ्या करण्यात पक्षसभासदांची कित्येक वर्षांची मेहनत होती, हेही तितकंच खरं.

दीर नोकरीची भीती घालत असतील तर त्यातलं खरं-खोटं असं. संघटना करणं हा घटनेने दिलेला मूलभूत हक्क आहे, कलम १९ मध्ये, आणि नुसत्या पावतीमुळे कुणाला काढता येत नाही. संपात उतरल्यावर मानधन कापलं जातं आणि नोटिसा निघतात, हे मात्र खरं आहे, डिसेंबर २०२३ च्या संपात निघाल्याही. त्या मागे घ्यायला लावणं हे युनियनचं काम. निवडणुकीच्या प्रचारात उतरण्याबद्दल प्रकल्प कार्यालयाचं काही पत्रक असेल तर ते नीट वाचून घ्यावं, तिथे युनियनच्या भरवशावर राहू नये. एक मात्र दिरांना जरूर सांगा: एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो असा निकाल दिला. तो निकाल कागदावरून बँक खात्यात आणायला अजून झगडावं लागतंय, आणि एकट्या सेविकेच्या अर्जाने ते होत नाही.

मग आता काय करायचं? सासूबाईंनी युनियनकडे काही गोष्टी मागाव्यात. मागण्यात संकोच वाटण्यासारखं काही नाही. पहिली, पावतीची नीट प्रत: युनियनचं नाव, नोंदणी क्रमांक, रक्कम, वर्ष. पैसे दिले आणि पावती "नंतर देते" असं झालं असेल तर आधी तीच मागा. दुसरी, युनियनची घटना. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याच्या चौकटीत या घटना लिहिलेल्या असतात. कायदा आता नव्या संहितेत गेला असला तरी तुमच्या युनियनच्या घटनेत राजकीय निधीबद्दल काय आहे ते शोधा. त्या कायद्याची रीत अशी होती की राजकीय कामासाठीचा निधी सर्वसाधारण निधीपासून वेगळा ठेवायचा, तो देण्याची सक्ती कुणावर करायची नाही, आणि दिला नाही म्हणून सभासदाचा कुठलाही लाभ तोडायचा नाही. म्हणजे वर्गणी आणि पक्षासाठीचा निधी एकाच पावतीवर घेतला जात असेल तर ते चूक आहे. हिशेबाची वही पाहायचा हक्कही सभासदाला असतो. बहुतेक बायका तो कधी वापरत नाहीत. वापरावा, त्याने चांगल्या पदाधिकाऱ्याला आनंदच होतो.

तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी: तालुका कमिटीत सेविका किती आहेत, मदतनीस किती आहेत, आणि बाहेरचे कार्यकर्ते किती. माझ्यासारखा बाहेरचा माणूस एखाददुसरा असावा, त्याला कायदा कळतो, वेळ असतो, अधिकाऱ्याची भीती नसते. पण अध्यक्षही बाहेरचा, सचिवही बाहेरचा, आणि सेविकांची नावं फक्त सदस्यांच्या यादीत, असं असेल तर तिथे पाड्यावरच्या खिचडीबद्दल कोण बोलणार? त्यातही मदतनिसांकडे विशेष लक्ष द्या. आमच्याच युनियनमध्ये सेविकाच बोलतात आणि मदतनीस मागे बसतात असं मी ठिकठिकाणी पाहिलंय, आणि मानधनाच्या मागणीतही मदतनिसांचा आकडा शेवटी लिहिला जातो.

ही चौकशी एकटीने करायची गरज नाही. आपल्या बीटमधल्या, म्हणजे एकाच पर्यवेक्षिकेच्या हाताखालच्या अंगणवाड्यांमधल्या, सेविका-मदतनिसांना गोळा करून सासूबाईंनी तालुका सचिवाला विचारावं की पुढचं तालुका अधिवेशन कधी आहे आणि प्रत्येक बीटमधून किती प्रतिनिधी निवडायचे आहेत. अधिवेशनात मागच्या काळाचा अहवाल आणि हिशेब मांडला जातो, त्यावर प्रतिनिधींना बोलता येतं, आणि नवी कमिटी तिथेच निवडली जाते. सासूबाईंना बोलायची सवय नसेल तर तुम्ही घरी बसून त्यांच्याबरोबर दोन-तीन मुद्दे लिहून काढा: थकलेलं मानधन, अंगणवाडीचं भाडं, ॲपवर भरायची माहिती, जे त्यांना रोज छळतं ते. तारीख अजून ठरलेली नसेल तर ती लवकर ठरवा अशी मागणी करणारा अर्ज बीटमधल्या सगळ्यांच्या सह्यांनी द्या आणि त्याची पोच घ्या.